ठिपके कोण मांडतं, रंग कोण भरतं: गेमिंग पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाची जोडी जमवताना

नागपुरात बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानात अर्धा तास उभे राहिलात तर एक संवाद हमखास कानावर पडतो. नुकतंच इंजिनीअरिंगला लागलेलं पोरगं, सोबत बाप. पोरगं म्हणतं, ‘‘कार्ड चांगलं पाहिजे.’’ बाप म्हणतो, ‘‘पण अभ्यासाले काय लागते ते सांग आधी.’’ आणि काउंटरमागून उत्तर येतं, ‘‘काका, आय७ आहे ना, टेन्शन नका घेऊ.’’ कोणत्या सालचा आय७, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. माझ्याकडे २०१४ सालचा कोअर आय५-४४६० प्रोसेसर होता आणि सोबत जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक कार्ड. पैसे साठवून आरटीएक्स ३०६० आणलं, रात्री बसवलं आणि व्हॅलोरंट हा गेम सुरू केला. फ्रेमचा आकडा जिथल्या तिथे. मित्राचा फोन आला, ‘‘काहून बे, वाढले का फ्रेम?’’ मी म्हटलं, ‘‘नाही ना यार. कार्ड त झोपूनच आहे.’’ रागात बोललो, पण ते शब्दशः खरं होतं. कार्ड अर्ध्याहून जास्त वेळ नुसतं बसून होतं, कारण जुना प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नव्हता. तुमचे पैसे असे बसून राहू नयेत म्हणून हा लेख.

पायरी १: दोघांचं काम समजून घ्या

दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी निघते तेव्हा बहुतेक घरांत दोघी बसतात. एक ठिपके मांडून रेषा जुळवते, दुसरी मागून रंग भरत येते. गेममध्ये प्रोसेसर ही पहिली आणि ग्राफिक कार्ड ही दुसरी. शत्रू कुठे पोचला, गोळी कोणाला लागली, गर्दीतला कोणता माणूस कुठे वळला, गाडी आदळली तर दार कसं उडेल, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि ‘आता हे हे काढ’ अशी यादी कार्डाकडे देतो. कार्ड त्या यादीप्रमाणे पडद्यावरचा एकेक पिक्सेल रंगवतं. की झाली एक फ्रेम. मग पुसायची आणि पुढची.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. आता मानू या, एखाद्या गेममध्ये तुमचा प्रोसेसर ठिपके मांडायला ८ मिलिसेकंद घेतो आणि कार्ड रंग भरायला १२. दोघं एकाच वेळी राबतात. कार्ड या फ्रेमचे रंग भरत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमचे ठिपके मांडत असतो. त्यामुळे ८ आणि १२ ची बेरीज होत नाही, जो हळू त्याची वेळ धरायची. १२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ८३ फ्रेम. तुम्ही दुप्पट वेगाचं कार्ड आणलं, रंग ६ मिलिसेकंदांत भरून झाले. तर फ्रेम १६६ होतील? नाही. आता प्रोसेसरचे ८ आडवे येतात आणि गाडी १२५ वर थांबते. उलट, कार्ड तेच ठेवून नुसता प्रोसेसर बदलला असता तर ८३ चे ८४ही झाले नसते.

पोरं ज्याला ‘बॉटलनेक’ म्हणतात ते एवढंच. तो प्रत्येक मशीनमध्ये असतो, कारण दोघांपैकी एक जण नेहमीच हळू असणार. शिवाय तो जागा बदलतो: मोकळ्या माळरानावर कार्ड दमतं, गर्दीच्या बाजारात शिरलात की प्रोसेसर. म्हणून कोणी नुसती दोन नावं ऐकून ‘या जोडीत १७ टक्के बॉटलनेक आहे’ असं सांगितलं तर हसून सोडून द्या. कोणता गेम, कोणतं रिझोल्यूशन, कोणती सेटिंग हे विचारल्याशिवाय काढलेला आकडा म्हणजे पत्रिका न बघता जुळवलेले गुण.

पायरी २: कार्डाआधी मॉनिटरकडे बघा

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. तीच रांगोळी, तेवढेच ठिपके, पण लांबी-रुंदी दुप्पट करून काढली तर ठिपके मांडणारीचं काम फारसं वाढत नाही. रंग भरणारीचं मात्र चौपट होतं.

आकडे बघा. १९२० बाय १०८० म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल. २५६० बाय १४४० म्हणजे ३६ लाख ८६ हजार. फोरके, म्हणजे ३८४० बाय २१६०, तिथे ८२ लाख ९४ हजार. पहिल्याच्या बरोबर चारपट. यातला प्रत्येक पिक्सेल कार्डाच्या वाट्याला येतो. शत्रू किती आणि गोळी कोणाला लागली याचा हिशोब मात्र तिन्ही ठिकाणी सारखाच.

यावरून सरळ निघतं ते असं. फोरके टीव्हीला जोडून आरामात खेळणार असाल तर पैसा कार्डावर लावा, मधल्या फळीचा प्रोसेसर चालून जातो. १०८० चा मॉनिटर पण १४४ किंवा १६५ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तेवढ्या फ्रेम दाखवणारा), आणि तेवढ्या फ्रेम खरोखर हव्यात, तर प्रोसेसरला कमी लेखू नका. आणि घरी जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल आणि तो बदलायचा नसेल, तर २०० फ्रेम काढणारी जोडी घेऊन पडद्यावर ६० च दिसणार. बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ थोडा कमी होतो हे खरं, पण नवख्या माणसाने त्यासाठी पैसे घालण्याआधी मॉनिटर बदलावा.

पायरी ३: खेळणार काय, ते लिहून काढा

कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात खरंच खेळणार ते चार-पाच गेम लिहा. मित्राने नाव घेतलेले नकोत.

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धेच्या गेममध्ये चित्र हलकं असतं, खेळणारे सेटिंगही कमी ठेवतात, आणि फ्रेम मात्र शेकड्यात हव्या असतात. इथे बहुतेक वेळा प्रोसेसर आधी थकतो. सिटीज स्कायलाइन्स २ सारख्या शहर वसवायच्या गेममध्ये लोकसंख्या वाढली की प्रोसेसरचा घाम निघतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरचंही तेच, मोठ्या शहरावरून उडताना खास. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये सेटिंग वर नेली की कार्ड आधी हात टेकतं. पण सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग चालू केलं की प्रोसेसरवरचा बोजाही वाढतो, कारण प्रकाशकिरण कशाला धडकतात हे शोधायला लागणारी रचना हलत्या वस्तूंसाठी सतत नव्याने बांधावी लागते. हे दुकानात कोणी सांगत नाही.

पायरी ४: जोडी जमवा, आणि नावांना भुलू नका

१०८० च्या मॉनिटरसाठी बऱ्याच घरांत चालून गेलेली जोडी म्हणजे रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ, आणि सोबत आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० किंवा आरटीएक्स ४०६० यांपैकी एक. दोन्ही प्रोसेसर २०२२ चे, दोघांनाही ६ कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामं). १४४० वर जायचं असेल तर प्रोसेसर तोच ठेवून कार्ड एक पायरी वर न्या. नवीन मशीन अगदी शून्यापासून बांधत असाल आणि खिसा परवानगी देत असेल, तर रायझन ५ ७६०० आणि त्याला लागणारा एएम५ खाचेचा मदरबोर्ड घ्यावा असं माझं मत. पुढे नुसता प्रोसेसर बदलायची सोय राहते.

आता फसायच्या जागा. इथे जरा थांबतो, कारण मी यातल्या दोन ठिकाणी स्वतः पडलोय.

पहिली म्हणजे ‘आय७’ हे नाव. आय३, आय५, आय७ या पायऱ्या एकाच पिढीतल्या असतात, वेगवेगळ्या पिढ्यांमधल्या नव्हे. २०११ चा आय७-२६०० आणि २०२२ चा आय३-१२१००एफ या दोघांनाही ४ कोअर आणि ८ थ्रेडच. पण गेममध्ये तो आय३ त्या आय७ला कुठल्या कुठे मागे टाकतो, कारण प्रत्येक कोअर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त काम उरकतो. जुन्या मशीनचं आणखी एक दुखणं आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असल्याशिवाय उघडत नाही. स्वस्तातला आय७ घरी आणून मग हे कळणं वाईट.

दुसरी जागा: एका अक्षराचा फरक. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी ही सख्खी भावंडं वाटतात. पण पहिल्यात एल३ कॅश ३२ एमबी, दुसऱ्यात १६. पहिला पीसीआय एक्सप्रेस (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला रस्ता) ४.० चा, दुसरा ३.० चा. ‘जी’वाल्यात अंगचं ग्राफिक असतं, त्यामुळे कार्ड घ्यायला सहा महिने थांबणार असाल तर तो कामाचा. कार्ड आजच घेणार असाल तर साधा ५६०० च बरा. कॅश म्हणजे काय? रांगोळीवालीच्या हाताशी ठेवलेली वाटी. वाटी मोठी असली की पुन्हा पुन्हा उठून घरातला डबा आणायला जावं लागत नाही. त्याच हिशोबाने एएमडीने २०२२ मध्ये ५८००एक्स३डी काढला, ९६ एमबी कॅशचा, आणि प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये त्याने मोठी उडी दाखवली. फोरकेवर मात्र कार्डच अडतं, त्यामुळे तिथे तोच प्रोसेसर फारसा वेगळा वाटत नाही.

तिसरी: कार्डाचा रस्ता. सगळी कार्डं १६ लेनच्या खाचेत बसतात, पण सगळी १६ लेन वापरत नाहीत. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठच वापरतात. आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार, वर मेमरीही ४ जीबी. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते निभतं, पण बी४५० किंवा ए५२० सारख्या ३.० च्या बोर्डावर रस्त्यावरचा वेग निम्मा होतो. कार्डाची मेमरी भरून सामान रॅममधून ये-जा करायला लागलं की गेम अडखळतो. जुन्या बोर्डावर ६५०० एक्सटी बसवू नका, एवढं लक्षात ठेवा.

इंटेलच्या आर्क बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे आणि पैशाच्या मानाने कार्ड दमदार आहे. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू लागतो, आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो. रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत ते बरंच मागे पडतं. म्हणजे जुन्या मशीनसाठी म्हणून घेतलेलं कार्ड जुन्या मशीनवरच रुसून बसतं.

पायरी ५: रॅम नीट लावा

एक १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते, आणि प्रोसेसरला माहिती वेळेत मिळाली नाही तर तो कितीही चांगला असो, वाट बघत बसतो. चार खाचांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. बोर्डावर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू करा (एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर एक्सपो). हे केलं नाही तर ३२०० ची म्हणून विकत घेतलेली रॅम २१३३ किंवा २६६६ वरच धावत राहते. मला कळायला आठ महिने लागले. पाच मिनिटांचं काम, फुकटचं.

आणि मॉनिटरची वायर कार्डाला लावा, बोर्डाला नको. हसू नका. एका ओळखीच्या पोराचं नवं मशीन ‘चालूच होत नाही’ म्हणून मी प्रतापनगरहून मनीषनगरला गाडी हाकत गेलो, तर वायर बोर्डाला. आय५-१२४००एफला अंगचं ग्राफिकच नसतं, मग पडदा काळा नाही तर काय होणार. परत येताना तर्री पोहे त्याच्याकडून वसूल केले.

पायरी ६: आधीचं मशीन असेल तर मोजा, मग खरेदी करा

कोण अडतंय हे ओळखायला दुकानदार लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, सोबत पडद्यावर आकडे दाखवणारं रिव्हाट्यूनर येतंच. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. गेम खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात चार गोष्टी दिसतील असं लावा: फ्रेम, कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, आणि दोघांचं तापमान.

आता व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा, फ्रेमवर कुठे मर्यादा लावली असेल तर काढा, आणि गेममधल्या गर्दीच्या जागी जाऊन दहा मिनिटं खेळा. कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के दिसत असेल तर कार्ड पूर्ण जोर लावतंय, वाढ हवी तर कार्ड बदला. तो ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल तर प्रोसेसर अडतोय. माझ्या त्या आय५ वर तो ४० च्या आसपास होता.

प्रोसेसरचा एकूण टक्का बघून फसू नका. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा सुमारे ८ टक्केच दाखवतो. गेममध्ये एक मुख्य थ्रेड बाकी सगळ्यांना कामाला लावत असतो आणि बहुतेक वेळा तोच अडतो. ‘प्रोसेसर तर ३५ टक्केच चालून राहिला, मग तो कसा अडला?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. उत्तर हेच: बारा जणांच्या वर्गातला एकटाच गणित सोडवतोय आणि बाकीचे त्याच्या वहीकडे बघतायत.

शंका उरलीच तर सगळ्यात खात्रीची चाचणी करा. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, बाकी काही हलवू नका, त्याच जागी पुन्हा खेळा. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड अडत होतं. हलल्याच नाहीत तर प्रोसेसर.

सरासरी फ्रेमसोबत ‘१ टक्का लो’ हा आकडाही बघा. तो सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग सांगतो. सरासरी १२० आणि १ टक्का लो ४० असेल तर गेम कागदावर वेगवान पण हाताला झटके देणारा. सरासरी ९० आणि लो ७५ हे खेळायला कितीतरी सुखाचं. झटक्यांमागे प्रोसेसर, एकच रॅमची पट्टी किंवा भरलेली कार्डाची मेमरी, यांपैकी काहीतरी असतं.

पायरी ७: पैसे न घालता काय करता येईल

कार्ड अडत असेल तर सावल्या, प्रतिबिंबं, रे ट्रेसिंग कमी करा, किंवा डीएलएसएस, एफएसआर चालू करा. यात गेम आतून कमी रिझोल्यूशनवर रंगतो आणि मग चित्र मोठं केलं जातं. प्रोसेसर अडत असेल तर, रे ट्रेसिंग सोडलं तर, याच गोष्टींनी फारसा फरक पडत नाही, आणि इथेच नवखे गोंधळतात: ‘सगळं लो केलं तरी फ्रेम काहून नाही वाढून राहिले?’ कारण रंगाची पेटी लहान केली, ठिपके तेवढेच राहिले. तेव्हा गर्दीची घनता, दूरवर दिसण्याचं अंतर, भौतिक हालचाली या सेटिंग खाली आणा. मागे चालू असलेले ब्राउझरचे चाळीस टॅब बंद करा.

उलटी गोष्टही खरी आहे. प्रोसेसरच अडतोय आणि कार्ड रिकामं बसलंय, तर रे ट्रेसिंग सोडून चित्राची सेटिंग खुशाल वर न्या. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहतील, चित्र सुंदर होईल. मी नवा प्रोसेसर घेईपर्यंत चार महिने असंच खेळलो.

फ्रेम जनरेशन नावाची नवी सोय अशी की कार्ड स्वतः दोन फ्रेमच्या मध्ये एक किंवा जास्त फ्रेम घुसवून देतं, प्रोसेसरला न विचारता. आकडा फुगतो, हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटणाला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्याच वेगाचा, किंबहुना किंचित उशिराचा. एकट्याने खेळायच्या गेमला ठीक. नेमबाजीच्या स्पर्धेत नको.

पायरी ८: नवतपा लागण्याआधी

पुण्या-मुंबईच्या लेखांत हा भाग नसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जोडी कितीही जुळलेली असली तरी दुपारी तीच जोडी हळू होते. कारण साधं आहे. पंख्याला यंत्र खोलीच्या हवेपेक्षा थंड करता येत नाही. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना तुमचा प्रोसेसर ७५ ला राहत असेल, तर मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत तोच ९० च्या घरात जाईल. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, इंटेलच्या बाराव्या पिढीची १००. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि हिवाळ्यात अडत नसलेला प्रोसेसर उन्हाळ्यात अडायला लागतो.

प्रोसेसरवरच्या पंख्यालाही कूलरच म्हणतात, पण नागपुरात ‘कूलर लावला का?’ विचारलं तर लोक ताट्या आणि पाण्याच्या टाकीचं सांगतात, हा आपला घरचा घोळ. तो कूलर खोली थंड करतो म्हणून मशीनलाही बरंच, पण कॅबिनेट त्याच्या झोतासमोर ठेवू नका. पाण्याचे तुषार आणि ताटीतून येणारी धूळ थेट आत जाते. झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवा. मॉनिटरच्या हर्ट्झएवढीच फ्रेमची मर्यादा लावा. १४४ च्या पडद्यासाठी २६० फ्रेम काढून खोली तापवण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये एकदा कॅबिनेट उघडून जाळ्या ब्रशने साफ करा, पंख्याचं पातं बोटाने धरून.

आणि एक चाचणी. दुपारी दोनच्या सुमारास गेम चालू ठेवून कॅबिनेटची बाजूची पाटी काढा आणि दहा मिनिटं तापमान बघा. ते आठ-दहा अंशांनी उतरलं तर दोष प्रोसेसरचा नाही, कार्डाचाही नाही. पुढच्या बाजूला हवा आत घेणारा एक पंखा कमी आहे.